वरची वाटी, खालची वाटी

मे महिन्यात ग्वाल्हेरीस बर्फ म्हटले की पन्हे आणि उसाचा रस यांपलीकडे आमची कल्पनाशक्ती जात नाही. पाटणकर बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती चांगल्या दोन हात रुंद आहेत. तरी दुपारी दोनच्या सुमारास त्याही उन्हाला फितूर होतात. २०२५ सालच्या मे महिन्यातल्या अशाच एका दुपारी, आमरसाचे जेवण आटोपून सर्व मंडळी माजघरात पंख्याखाली पसरली असता, आमच्या भाचेजावयांनी बर्फावरच्या हॉकीचा विषय काढला.

हे जावईबापू फिनलंडात टॅम्परे नावाच्या गावी नोकरीस असतात. तिकडे म्हणे बर्फावरची हॉकी ही आपल्याकडच्या क्रिकेटसारखी घरोघर शिरलेली आहे. चेंडूच्या जागी रबराची चकती, पायांत पाती लावलेले बूट, एका बाजूला गोलरक्षक धरून सहा गडी, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. इथवर आम्ही जावयाचा मान राखण्यापुरते ऐकत होतो. पुढे त्यांनी जगज्जेतेपदाच्या स्पर्धेची रचना सांगायला घेतली, आणि ती समजावून देण्यासाठी आमरसाच्या रिकाम्या वाट्या एकीखाली एक मांडल्या, तेव्हा मात्र आम्ही उठून बसलो.

सर्वांत वरच्या वाटीत सोळा देश. त्यांचे आठ-आठांचे दोन गट. ज्या गटात जो देश तळाला राहील, तो पुढल्या वर्षी खालच्या वाटीत. खालच्या वाटीतले पहिले दोन देश त्यांच्या जागी वर. त्या वाटीखाली आणखी एक वाटी, तिच्याखाली आणखी एक. या खालच्या वाट्यांत बहुधा सहा-सहा देश असतात, आणि प्रत्येक वाटीतून दरवर्षी कोणी चढते, कोणी उतरते. मांडता मांडता वाट्या संपल्या, जावईबापूंनी फुलपात्री घेतली, तीही उंबरठ्यापर्यंत पोहोचली. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी, "आता स्वयंपाकघर उघडं पडेल," म्हणून भांडी उचलायला सुरुवात केली.

"आणि यात आपली वाटी कोणती?" आम्ही विचारले.

जावईबापू हसले. भारताचे नाव त्या आंतरराष्ट्रीय संघटनेत १९८९ पासून आहे. पण आपला पुरुषांचा संघ प्रथम बाहेर खेळला तो २००९ साली, अबू धाबीच्या आशियाई चषकात. २०१२ साली तोच चषक आपल्याकडे डेहराडूनला झाला. खेळणारे बहुतेक लडाखचे आणि सैन्यातले. हिवाळ्यात तळी गोठली की त्यांचे मैदान तयार. "वाटी अजून मिळाली नाही, मामा," ते म्हणाले, "पण पाट मांडला आहे."

त्या दुपारी त्यांनी ब्रिटनच्या संघाची जी हकिगत सांगितली ती आमच्या मनातून अद्याप गेलेली नाही. ब्रिटन हा या खेळात दुबळाच देश. २०१७ साली तो तिसऱ्या वाटीतून दुसऱ्या वाटीत आला, २०१८ साली बुडापेस्टला शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी साधून सर्वांत वरच्या वाटीत चढला. तिथे तो १९९४ नंतर प्रथमच येत होता. २०१९ साली वरच्यांनी त्याला यथेच्छ धुतले. अखेरचा सामना फ्रान्सशी. जो हरेल तो खाली. फ्रान्सचे तीन गोल झाले, ब्रिटनचा एकही नाही. एवढे झाल्यावर ब्रिटनने तिन्ही गोल फेडले, आणि जादा वेळात चौथा करून फ्रान्सला खाली धाडले. गोष्ट इथे संपली असती तर ती नाटकात शोभली असती. पण शिडीला नाटकाचे सोयरसुतक नसते. २०२२ साली ब्रिटन खाली आला, २०२३ साली पुन्हा वर गेला, २०२४ साली पुन्हा खाली, आणि २०२५ च्या वसंतात पुन्हा वर चढला.

"लाज नाही वाटत त्यांना?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

"वाटते ना," जावईबापू म्हणाले. "पण पुढच्या वर्षी कुठे जायचं ते त्यांना ठाऊक असतं. खालच्या वाटीचेही सामने ठरलेले असतात."

त्या रात्री गच्चीवर अंथरुणात पडल्या पडल्या आम्हांस आजीचा मोक्षपट आठवला. आपल्या सापशिडीचा हा पूर्वज. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला. आजीचा पट कापडी होता आणि तिच्या हातात कवड्या खुळखुळत. सापाने गिळले की आम्ही रडत असू. आजी म्हणे, "उठायचं नाही. पुन्हा कवड्या टाकायच्यात." पटाच्या अगदी तळाशी आलेल्यालाही पुढचा डाव होता, त्याची सोंगटी कोणी घडी घालून कपाटात ठेवीत नसे.

आमचा व्यवसाय मास्तरकीचा. मराठीत एम.ए. होऊन आम्ही हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत हिंदी आणि संस्कृत शिकवीत आलो, हा योगही ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला नवा नाही. गेली काही वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसतो. त्या खुर्चीची जी कामे आहेत त्यांत वर्षाअखेरीस निकालपत्रकावर सही करणे हे एक. शब्दांच्या नादी लागण्याची जुनी खोड असल्यामुळे आम्ही कधी कधी त्या पत्रकातल्या शब्दांकडे बघत बसतो. वर जाण्याला आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत: बढती, वर्गोन्नती, वर चढवला, पुढे गेला. खाली येण्याला कचेरीत 'पदावनती' आहे, तो उच्चारतानाच जीभ अडखळते. शाळेत तर तोही नाही. शाळेत कोणी खाली जात नाही. तो नुसता 'राहतो'. मागे राहिला, नापास झाला, संपले. कुठे राहिला, किती दिवस, आणि तिथून पुढची वाट कोणती, हे त्या शब्दात नाही.

आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवू नये असा दंडक २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने घातला होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचवी आणि आठवीपुरता सैल झाला. या दंडकाविषयी मास्तर मंडळींत जितकी डोकी तितकी मते आहेत आणि आमचे मत आम्ही इथे मांडीत नाही. मात्र इतकी वर्षे खरी चाळणी लागे ती नववीला, हे सत्य आहे. त्या चाळणीतून आमच्याच हाताने एक मुलगा खाली पडला.

त्याचे नाव सांगत नाही. २०२३ च्या निकालात तो गणित, इंग्रजी आणि विज्ञान अशा तीन विषयांत गेला. हॉकीत तो गोलरक्षक होता. आमच्या शाळेत हॉकीच्या गोलरक्षकाचा सरंजाम कुठला? क्रिकेटचे जुने पॅड सुतळीने बांधून तो उभा राही. तालुक्याच्या सामन्यांत त्याने एकदा लागोपाठ तीन फटके अडवले, तेव्हा पलीकडच्या शाळेचे क्रीडाशिक्षक आम्हांस म्हणाले होते की या मुलाला जपा. आम्ही मान डोलावली होती. मान डोलावणे ही मुख्याध्यापकाची दुसरी सही.

निकालानंतर त्याची आई शाळेत आली. धुणीभांडी करून आलेली, ओले हात पदराला पुसत उभी. "सर, साल तो गया। अब क्या करें?" असे तिने विचारले. आम्ही सांगितले, "फिर से नौवीं में बिठा दो, मेहनत करेगा तो निकल जाएगा।" वाक्य चुकीचे नव्हते. त्याप्रमाणे तो बसलाही. पंधरा दिवस तो आपल्याहून लहान मुलांत शेवटच्या बाकावर बसला. खेळाच्या तासाला मैदानावर येईनासा झाला. मग शाळेतच येईनासा झाला, आणि यथावकाश नियमाप्रमाणे त्याचे नाव पटावरून कमी झाले. त्या नोंदीवरही आमचीच सही आहे.

वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीला बसता येते. विषयही एकेक करून सोडवता येतात. त्याचे माहितीपत्रक आमच्या कपाटात होते. आई समोर उभी असताना ते काढून तिच्या हाती देण्याचे आम्हांस सुचले नाही. शिक्षकी पेशात इतकी वर्षे काढूनही सुचले नाही, कारण सही झाली म्हणजे काम झाले अशी आमची समजूत होती.

हॉकीच्या बाबतीत आमच्या गावानेही काही निराळे केलेले नाही. ध्यानचंदांचे धाकटे बंधू रूपसिंग हे ग्वाल्हेरच्या फौजेत कॅप्टन होते आणि १९७७ साली इथेच वारले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकात अमेरिकेविरुद्ध भारताने चोवीस गोल केले. त्यांतले दहा एकट्या रूपसिंगांचे, म्हणजे थोरल्या भावापेक्षा दोन अधिक. आमचे वडील हा आकडा सांगताना 'दहा' हा शब्द असा उच्चारीत की जणू त्यांनीच पास दिला होता. त्या रूपसिंगांच्या नावाने गावात हॉकीचे मैदान झाले, आणि पुढे तेच क्रिकेटला दिले गेले. २२ जानेवारी १९८८ रोजी तिथे भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना झाला. आम्ही तेव्हा विद्यार्थी होतो. दोन मित्रांबरोबर पहाटेपासून रांगेत उभे राहिलो, दिवसभर घसा बसेतो ओरडलो, आणि घरी येऊन वडिलांना मोठ्या उत्साहाने सगळे वर्णन करू लागलो. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग हॉकी आता कुठं खेळणार?" आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर प्रश्नच कळला नव्हता.

पुढे त्या मैदानाचे नाव जगभर झाले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने तिथे नाबाद दोनशे धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतले ते पहिले द्विशतक. त्या रात्री बाड्यावर फटाके वाजत होते आणि हॉकीपटूचे नाव घेऊन लोक क्रिकेटचा जयजयकार करीत होते, याचे कोणालाच नवल वाटत नव्हते. आम्हांसही नाही. गंमत अशी की आता क्रिकेटनेही त्या मैदानाकडे पाठ फिरवली. गावाबाहेर शंकरपूरला नवे मोठे स्टेडियम झाले आणि ६ ऑक्टोबर २०२४ रोजी बांगलादेशाशी सामना तिथे झाला. ज्याने दुसऱ्याला उठवले त्याच्याही हाती रिकाम्या खुर्च्या ठेवून पाहुणे निघून गेले.

हॉकीला मात्र दुसरी वाट सापडली होती, आणि ती मुलींनी धरली. २००६ साली कंपूवर राज्य शासनाची महिला हॉकी अकादमी निघाली. सकाळी त्या बाजूने गेलो की काठ्यांचा आवाज येतो. आपल्या वडिलांच्या प्रश्नाला कोणीतरी उत्तर दिले, ते आपण दिले नाही, एवढेच तेव्हा मनात येते.

जावईबापू परत गेले आणि जून उजाडला. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी सांगितले की वाट्यांचा तो खेळ आपल्याही हॉकीत सुरू झाला आहे. २०१९ साली निघालेल्या प्रो लीग नावाच्या स्पर्धेत आता नऊ संघ असतात; तळाचा संघ खाली नेशन्स कपात जातो आणि तिथल्या विजेत्याला वरचे दार उघडते. दार उघडले म्हणजे कोणी आत जातोच असेही नाही. त्याच जूनमध्ये क्वालालंपूरला न्यूझीलंडने अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवले, पण वर येण्यास नकार दिला. ती जागा पुढे पाकिस्तानला मिळाली.

त्या दिवसांत आपल्या पुरुषांचा संघ युरोपात खेळत होता आणि एकामागून एक हरत होता. हॉलंडशी दोन, अर्जेंटिनाशी दोन, ऑस्ट्रेलियाशी दोन, आणि सहाही वेळा अवघ्या एका गोलाने. सातवा बेल्जियमकडून तीन-सहा. एकेका गोलाने हरणाऱ्या संघाकडे बघताना मास्तराच्या मनात जे येते ते क्रीडासमीक्षकाच्या मनात येत नसेल. आम्हांस एका-एका गुणाने गेलेली मुले दिसत होती. रविवार, २२ जून रोजी अँटवर्पला बेल्जियमशीच शेवटचा सामना झाला. (बर्फावरच्या हॉकीची पहिली जागतिक स्पर्धा ज्या ऑलिंपिकात झाली, ते १९२० चे ऑलिंपिकही याच गावचे, हे आम्ही चिरंजीवांस ऐकवले, त्यांनी "बाबा, आता नको," म्हणून हात जोडले.) चिरंजीवांच्या मोबाईलवर दोघांनी डोके भिडवून सामना पाहिला. भारताने तो चार-तीन असा जिंकला. शेवटच्या तक्त्यात भारत आठवा, आणि आयर्लंड नववा, म्हणजे खाली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतताना बाजारातल्या एका कपड्याच्या दुकानासमोरून जात होतो. आतून हाक आली, "सर, बच गए अपन!" कापडाचे थान खांद्यावर घेऊन तो उभा होता. दोन वर्षांत उंच झालेला, मिसरूड फुटलेली. या दुकानात तो किती दिवस कामाला होता कोण जाणे. आम्ही रोज त्याच रस्त्याने जातो. "हाँ, बच गए," एवढेच म्हणून आम्ही पुढे झालो. पाय थांबायला हवे होते, थांबले नाहीत.

आठवड्याने, २९ जून रोजी बर्लिनला आपल्या मुली चीनकडून दोन-तीन अशा हरल्या आणि नवव्या, म्हणजे तळाला राहिल्या. याच मुलींनी डिसेंबर २०२२ मध्ये व्हॅलेन्सियाला स्पेनला एक-शून्य हरवून पहिला नेशन्स कप जिंकला होता आणि त्या जोरावर त्या वर आल्या होत्या. आता पुन्हा खाली. या वेळी आम्ही मुद्दाम त्या दुकानापाशी थांबलो. मालक जेवायला गेले होते. तो थानांच्या घड्या घालीत होता.

"सर, लड़कियाँ तो नीचे चली गईं," तो म्हणाला.

"हाँ। अब अगली बार नेशन्स कप खेलेंगी।"

त्याने घडी अर्ध्यावर थांबवली. "मतलब, खेलने तो मिलेगा?"

"मिलेगा। वहाँ जीतीं, तो फिर ऊपर।"

"फिर ठीक है," असे म्हणून त्याने घडी पुरी केली. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्हांस बरे वाटले असते.

त्या संध्याकाळी आम्ही शाळेत परत गेलो. शिपायाला किल्ली मागितली तेव्हा त्याने साहजिकच विचारले की काही विसरले का. आम्ही होय म्हणालो. कपाटातले ते माहितीपत्रक पिवळे पडले होते आणि त्यातल्या तारखा केव्हाच उलटून गेल्या होत्या. घरी येऊन चिरंजीवांकडून संगणकावर नवी माहिती काढून घेतली, अर्जाचा कागद छापून आणला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी जाऊन उभे राहिलो. मालकांनी गिऱ्हाईक समजून गादी झटकली. आम्ही त्यांना सांगितले की तुमच्या या मुलाशी पाच मिनिटे काम आहे, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याला तासभर लवकर सोडाल का तेही विचारायचे आहे. मालकांनी आमच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिले. "सीज़न में नहीं," ते म्हणाले, "बाकी देख लेंगे।"

त्याने अर्ज दोन्ही हातांनी घेतला, काउंटरवर गजपट्टीखाली दाबून ठेवला आणि बराच वेळ वाचला. विषयांच्या यादीपाशी त्याचे बोट थांबले.

"सर, अंग्रेज़ी भी लेनी पड़ेगी?"

दोन भाषा घेता येतात, हिंदी आहे, संस्कृत आहे, ती आम्ही शिकवू, असे सांगितले. मग त्याने गणिताविषयी विचारले. त्याचे उत्तर आम्हांस देता आले नाही, कारण तेवढ्यात एक बाई परकराचे कापड मागत दुकानात शिरल्या आणि तो थान काढायला शिडीवर चढला.